जाम

इंजिन जाम झालं म्हणजे ते मेलं, असं नसतं. हे आधी सांगून टाकतो. कारण आपल्याकडं बंद पडलेल्या वस्तूकडं बघायची एकच रीत आहे : भंगारवाल्याला हाक मार, किलोवर घाल. आणि बंगल्यातल्या लोकांची दुसरी रीत आहे : तीच वस्तू भंगाराच्या भावात उचल, वरून चकाचक रंग मार, दिवाणखान्यात उभी कर आणि तिला ‘व्हिंटेज’ म्हण. मी तिसरी रीत सांगतोय. वस्तू उघडायची. कुठं अडलंय ते बघायचं. अडलेलं तेवढं सोडवायचं.

माझा धंदा फिटरचा. आय.टी.आय. केलं, मग तीस-बत्तीस वर्षं गॅरेजात काढली. नखांतलं काळं ऑइल आता मेल्यावरच जाईल. लिहिणं हा माझा प्रांत नव्हे. पण गेल्या वर्षी एक इंजिन बांधलं, आणि ते बांधताना दोन पोरांनी मला इतकं विचारलं, की आता सगळं कागदावर असलेलं बरं, असं वाटलं.

इंजिन जावाचं. दोनशे पन्नास सीसी, टू स्ट्रोक, सिंगल सिलिंडर, सायलेन्सर मात्र दोन. बोअर 65 मिलिमीटर, स्ट्रोक 75. गाडी 1969 ची. ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक नावाच्या माणसानं 1929 साली प्राग शहरात वांडरर कंपनीचं डिझाईन घेऊन गाड्या बनवायला सुरुवात केली, आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ केलं. आपल्याकडं म्हैसूरला आयडियल जावा कंपनी 1961 पासून ती बनवायला लागली. पुढं तिचंच नाव येझदी झालं. 1996 ला कारखान्याला टाळं लागलं. कामगार घरी गेले आणि गाड्या गावोगाव पार्ट नसल्यानं उभ्या राहिल्या. अलीकडं 2018 ला जावाचं आणि 2022 ला येझदीचं नाव दुसऱ्या कंपनीनं परत बाजारात आणलं. पण त्या गाड्यांचा आणि या इंजिनाचा नावापुरताच संबंध. त्यांचा एक नट इकडं बसत नाही.

गाडी माझ्या मावशीच्या नवऱ्याची. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. 1977 साली त्यांनी ती जुनी घेतली, हप्त्या-हप्त्यानं पैसे फेडून. आपल्या वस्तीतली पहिली मोटारसायकल. आता त्याचं काय एवढं, असं तुम्हांला वाटेल. आज वस्तीत घरटी गाडी आहे. पण तेव्हा तात्यांच्या घरी एक माणूस निरोप घेऊन आला होता. मोठ्या वाड्यासमोरनं जाताना मास्तरनं गाडी बंद करावी आणि ढकलत न्यावी. म्हातारं माणूस वाड्यात आजारी असतं, आवाजाचा तरास होतो. म्हातारं माणूस! तात्यांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि सांगितलं, “ह्या गाडीचा एक दोष हाय बाबा. बंद केली की लवकर चालू व्हत न्हाई. तवा ती बंद करायची सोय न्हाई.” खरं तर ती गाडी एका किकमध्ये चालू व्हायची.

1978 च्या जुलैच्या 27 तारखेला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. त्या दिवसांत ही गाडी रात्रीची चालायची, दिवा न लावता. तसाही जावाचा दिवा सहा व्होल्टचा. बॅटरी उतरलेली असली, की गाडी हळू झाली की तो विडीसारखा मिणमिणायचा. कुठल्या गावात कोण जखमी, कुणाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, कुठं पीठ पोचवायचं, हे तात्या करत होते. किती जणांना मागं बसवून नेलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मावशी सांगते ते एवढंच : “सकाळी सीट धुवावं लागायचं.”

2001 ला तात्यांचे गुडघे गेले. किक बसेना. पार्टही मिळेनात. गाडी घरामागच्या छपरात उभी राहिली. मग तात्या गेले. छप्पर गळायला लागलं. कुणीतरी स्पार्क प्लग काढून नेला. प्लगची किंमत ती काय! पण त्या भोकातून बावीस पावसाळे सिलिंडरमध्ये पडले. एक सायलेन्सर गायब झाला आणि त्या उघड्या तोंडात कुंभारमाशीनं चिखलाचं घर बांधलं. जाम होण्याची कारणं अशी साधी असतात.

मग पुण्याकडचा एक गिऱ्हाईक आला. जुन्या गाड्या गोळा करणारा. फोटो काढले, इंजिन नंबर बघितला, पस्तीस हजार बोलला. मावशीच्या घराचे पत्रे बदलायचे आहेत. नातवाची फी आहे. पस्तीस हजार ही काही लहान गोष्ट नाही. मावशीनं मला फोन केला. “ह्यो मानूस जाम झालेल्या गाडीचे इतके देतोय, मंजे चालू गाडीचे किती देईल? तू येऊन बघ.” माझी मावशी शाळेत गेलेली नाही, पण हिशेबाला पक्की आहे.

तर मी गेलो. सोबत मावशीचा नातू, बारावीचा. आणि नात, पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला. तिच्या कॉलेजात इंजिनाचं कापलेलं मॉडेल आहे म्हणे, काचेच्या कपाटात. हात लावायला मनाई.

आता कामाचं सांगतो.

पहिली गोष्ट : जाम इंजिनाला किक मारायची नाही. सगळे तेच करतात. दोघं दोघं उभे राहून किकवर नाचतात. जावात गिअरचा लिव्हर आणि किक एकच. डाव्या अंगाला आहे, आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. त्याच्यावर नाचलं, तर आतले दाते तुटतात आणि एक दुखणं होतं त्याची दोन होतात. आम्ही प्लगच्या भोकातनं डिझेल आणि रॉकेल निम्मं-निम्मं ओतलं आणि आठ दिवस सोडून दिलं. रोज बघायचं, पातळी उतरली का. उतरली, म्हणजे तेल रिंगांच्या कडेनं पाझरतंय. पाचव्या दिवशी उतरली. मग हेड काढलं आणि पिस्टनच्या डोक्यावर बाभळीचा लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोके. लोखंडी हातोडी पिस्टनला लावायची नाही. दुसऱ्यानं उजव्या अंगाचा डायनामो धरून क्रँक पुढं-मागं हलवायचा. पुढं केसभर, मागं केसभर. एवढंच. अर्धा दिवस गेला. मग तो ‘चर्र’ करून सुटला. पोरांनी आरोळी ठोकली. मी म्हणालो, आरोळी ठोकायला अजून वेळ आहे.

ब्लॉक काढला. आत गंजाचं कडं. व्हर्निअरनं पिस्टन मापला, अर्ध्या मिलिमीटरचं ओव्हरसाइज आधीच झालेलं. म्हणजे तात्यांनी दोनदा बोअर करून घेतली होती. पाव-पाव मिलिमीटरनं वाढवत न्यायची पद्धत असते. आता 0.75 वर गेलो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. दोन्ही तापतात, पण ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून दोघांत फट ठेवावी लागते, माणसाच्या केसाइतकी. कमी ठेवली तर गाडी तापली की पिस्टन धरतो. जास्त ठेवली तर खडखडतो. टू स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत बारीक खुंटी असते. रिंगेचं तोंड त्या खुंटीवरच बसवायचं. नाहीतर रिंग फिरते, तिचं टोक पोर्टच्या भोकात अडकतं आणि तुटतं. रिंगेचं तोंड ब्लॉकमध्ये घालून फिलर गेजनं मापायचं, 0.25 ची पट्टी जाते का. नातीनं मापलं. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

खरं दुखणं खाली होतं. टू स्ट्रोकमध्ये क्रँकचं बेरिंग वेगळ्या ऑइलमध्ये बुडलेलं नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच त्याला मिळतं. गाडी बंद, म्हणजे त्याचं खाणं बंद. बावीस वर्षं उपाशी. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेरिंगचे रोलर देवीच्या व्रणासारखे खड्ड्या-खड्ड्यांचे झाले होते. म्हणजे क्रँक फोडायचा. दोन जड चाकं, त्यांच्यामध्ये एक पिन, प्रेसखाली दाबून बसवलेली. ती प्रेसनं काढायची, नवी पिन, नवे रोलर घालायचे, परत दाबायची. आणि मग दोन्ही बाजूंचे दांडे एका रेषेत आणायचे. याला म्हणतात क्रँक ट्रू करणं. हीच या धंद्यातली गुपित विद्या.

इथं जरा थांबतो.

मी सतरा वर्षांचा असताना ज्या गॅरेजात लागलो, तिथला उस्ताद क्रँक ट्रू करायला बसला, की कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा सोडायचा. आतलं कुणी बघायचं नाही. मला तर त्या वेळी मुद्दाम चहाला पाठवायचा. त्याच्या भाच्याला मात्र आत बसवायचा. माझ्याबद्दल गिऱ्हाइकाला सांगायचा, “ह्याला धुण्यापुसण्याचं काम छान जमतं.” छान जमणारच! पिढ्यान्‌पिढ्या तेच दिलेलं. 1936 साली बाबासाहेबांनी मांडलं होतं, की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांची वाटणी आहे, एकावर एक रचलेली. ते पुस्तक मी नंतर वाचलं. गोणपाट आधी बघितलं.

मी काय करायचो, चहा ठेवून पडद्याबाहेर पार्ट पुसत बसायचो आणि ऐकायचो. हातोडी तांब्याची आहे, हे आवाजावरनं कळलं. ठोका मारला की थोडा वेळ शांत, मग चाक फिरवल्याचा आवाज, मग परत ठोका. म्हणजे तो काहीतरी बघतोय, मग मारतोय. काय बघतोय? ते पुढं आय.टी.आय.मध्ये डायल गेज पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा कळलं. भंगारातनं एक मोडका क्रँक आणला आणि रात्री त्याच्यावर हात बसवला. सहा महिने लागले. त्या पडद्यापायी माझे सहा महिने गेले, दुसरं काही नाही. पण असे सहा-सहा महिने सगळ्यांचे मिळून मोजले, तर?

म्हणून पडद्यामागचं इथं लिहून टाकतो. क्रँक दोन्ही टोकांनी सेंटरवर नाहीतर व्ही-ब्लॉकवर धरायचा. दोन्ही दांड्यांना डायल गेजची टोचणी टेकवायची आणि हातानं सावकाश फिरवायचा. काटा जिथं सगळ्यात वर चढतो तिथं खडूची खूण. चुका दोन जातीच्या असतात. पहिली : एक चाक दुसऱ्याच्या मानानं थोडं पुढं-मागं फिरलेलं आहे. त्याला चाकाच्या कडेवर तांब्याच्या हातोडीचा एकच ठोका, नीट बघून. दुसरी : चाकांनी तोंड वासलंय किंवा मिटलंय. वासलं असेल तर शेगड्यात धरून दाबायचं, मिटलं असेल तर मध्ये पाचर घालून उघडायचं. परत फिरवायचं, परत बघायचं. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत नाचायला लागला, की थांबायचं. झालं. एवढंच आहे. यात मंत्र नाही, रक्त नाही, घराणं नाही.

नांदेडला एका जुन्या कारखान्यात प्रेस आहे. तिथला मालक म्हणाला, “क्रँक ठेवून जावा, संध्याकाळी न्या.” मी म्हणालो, “आम्ही इथंच उभे राहतो, आणि ट्रू मी करतो. तुमच्या प्रेसचं भाडं घ्या.” तो पोरीकडं बघत राहिला. मग स्वतःच डायल गेजचा स्टँड पुसून तिच्यापुढं ठेवला. माणसं अशीही असतात, तेही लिहायला पाहिजे. पहिला ठोका मी मारला. शेवटचे तीन तिनं.

आता टू स्ट्रोकची एक गंमत सांगतो. हे कळलं नाही तर बाकी सगळं फुकट. या इंजिनात पेट्रोल-हवा आधी खाली, क्रँककेसमध्ये जाते, आणि तिथनं दाबानं वर सिलिंडरमध्ये. म्हणजे खालची खोली हवाबंद पाहिजे. तिला दोन बाजूंना दोन ऑइल सील. डावीकडं क्लच आणि प्रायमरी चेन, तिथं गिअर ऑइल. डावा सील गेला, की इंजिन गिअर ऑइल ओढून पितं आणि पांढरा धूर सोडत गाव भरून टाकतं. उजवीकडं डायनामो, तिथं नुसती हवा. उजवा सील गेला, की इंजिन हवा ओढतं, तापतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही. लोक कार्बोरेटर बदलतात, प्लग बदलतात, वैतागून गाडी विकतात. दुखणं असतं सीलमध्ये. दोन्ही सील नवे घातले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, आणि ते हवेतलं पाणीही धरतं. म्हणून टाकीखालची नळीही बदलली, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवायची, असं ठरवलं.

बेरिंग क्रँककेसमध्ये ठोकून बसवायचं नसतं. केस ॲल्युमिनियमची. ती तापवली की भोक मोठं होतं आणि बेरिंग आपोआप आत पडतं. मावशीच्या गॅसवर तवा, तव्यावर क्रँककेसचा अर्धा भाग. बेरिंगं शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये, आइस्क्रीमच्या डब्याशेजारी. केस किती तापली हे कसं कळायचं? पोरगा मोबाइलमध्ये शोधत होता. मावशीनं बोटं पाण्यात बुडवली आणि केसवर शिंतडली. थेंब चुर्र करून उडाले. “झालाय तवा. टाका तुमची भाकर.” बेरिंग सोडलं आणि ते ‘टक्‌’ करून बुडाशी बसलं. माझ्या उस्तादाला हे जमायला ब्लो लँप लागायचा.

बाकीचं भराभर सांगतो. जिकॉव्ह कार्बोरेटर, त्याच्या जेटमध्ये जुनं पेट्रोल वाळून लाख झालेली. जेट कधी लोखंडी तारेनं कोरू नये, भोक मोठं होतं. तांब्याची मऊ तार आणि फुंकर. टाकीत मूठभर नट आणि रॉकेल घालून दोघांनी ती तासभर झुलवली, लाल पाणी निघालं. कंडेन्सर नवा. पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर. टायमिंग नातीनं लावलं. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा, चाक हळू फिरवायचं, कागद ज्या क्षणी सुटतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण. त्या क्षणी पिस्टन वरच्या टोकापासून किती खाली आहे ते प्लगच्या भोकातनं मापायचं. कागद आणायला पोराला पाठवलं तर पानटपरीवाल्यानं त्याला घरी सांगेन म्हणून दम दिला.

सगळं मिळून खर्च अकरा हजारांच्या आसपास. दोन सायलेन्सरपैकी एक दुसऱ्याच गाडीचा आहे.

पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिलि ऑइल घातलं. सातव्या किकला इंजिन बोललं. आधी खोकलं, कुंभारमाशीची राहिलेली माती सायलेन्सरातनं उडाली, धूर झाला, मग जावाचा तो टप-टप-टप आवाज लागला. वस्तीतली जुनी माणसं बाहेर आली. एक म्हातारा काठी टेकत आला आणि कुणाशी काही न बोलता मागच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. आम्ही त्याला काही विचारलं नाही. मावशी दारातनं म्हणाली, “आवाज जरा बारीक हाय. त्यांचा मोठा व्हता.” मी सांगितलं, नवी बोअर आहे, मोकळी झाली की वाढेल.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला खबर लागलीच. आता तो नव्वद हजार म्हणतो. मावशीनं त्याला पावसाळा झाल्यावर ये म्हणून सांगितलंय. पत्रे अजून गळतातच. विकू नये असं मला वाटतं, पण गळक्या पत्र्याखाली मी झोपत नाही, ती झोपते. तेव्हा माझ्या वाटण्याला तेवढीच किंमत.

कागदाचंही एक त्रांगडं आहे. 2021 पासूनच्या केंद्राच्या नियमानं पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण तशी नोंदवली की ती रोज रस्त्यावर वापरायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, दुरुस्तीला न्या. पोरगा म्हणतो, तशी नोंदवू, भाव येईल. पोरगी म्हणते, जुनंच आर.सी. बुक रीन्यू करू, मला कॉलेजला न्यायचीय. दोघांची अजून भांडणं चालू आहेत. आर.टी.ओ.त दोनदा जाऊन आलोय. तात्यांच्या नावावरनं मावशीच्या नावावर आधी चढवायला पाहिजे, आणि त्याला वारसाचे दाखले लागतात.

तोवर बोअर मोकळी करायचं काम चालू आहे. पहिले हजार किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वर न्यायची नाही. चढावर खालच्या गिअरमध्ये. दर वीस किलोमीटरला थांबून ब्लॉकला वारा लागू द्यायचा. रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून पोरगी पहाटे वस्तीमागच्या गायरानात फेऱ्या मारते आणि वहीत आकडा लिहिते. काल रात्रीपर्यंत 186 झाले होते.